नांदेड-लातूर परिसरातील त्वरणमापन : लंबकापासून संवेदकापर्यंत

वेग ज्या दराने बदलतो त्या दराला भौतिकशास्त्रात त्वरण म्हणतात, आणि हाताशी स्थिर धरलेली वस्तू सोडून दिली असता तिच्या वेगात दर सेकंदाला जी भर पडते ती, म्हणजे गुरुत्वत्वरण, हे मराठवाड्यातील प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याने दहावीच्या आतच पाठ केलेले ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मूल्य होय. ही संख्या पाठ होणे आणि ती मोजली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील विज्ञानशिक्षणाचा इतिहास बऱ्याच अंशी या दोहोंतील अंतराचा इतिहास आहे. मोबाइलमध्ये बसवलेल्या त्वरणसंवेदकाच्या साहाय्याने वर्गातच त्वरण मोजण्याची पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर रूढ झाली असली, तरी या भूमीवर त्वरण मोजण्याचा प्रयत्न त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी झालेला होता, आणि ज्या एका पहाटे त्याची मोजणी होणे सर्वांत अधिक गरजेचे होते त्या पहाटे येथे कोणतेही साधन नव्हते.

पहिला प्रयत्न भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. विल्यम लॅम्बटन याने दक्षिणेकडून आरंभलेली आणि त्याच्या निधनानंतर जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेकडे नेलेली त्रिकोणांची मोठी साखळी, जिला महाचाप असे नाव आहे, ती सुमारे ७८ अंश पूर्व रेखांशाला लागून निजामाच्या राज्यातून गेली. बिदरजवळील दमरगिदा हे तिचे महत्त्वाचे स्थानक होते आणि तेथून वऱ्हाडाकडे जाणारे तिचे त्रिकोण नांदेडच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पट्ट्यातून पुढे सरकले. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे झाला, म्हणजे या कामाचा मराठी मुलुखाशी असलेला संबंध केवळ नकाशापुरता नाही.

कोन मोजताना सर्वेक्षकांना एक अडचण येत असे. ओळंब्याची दोरी पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या नियमित पृष्ठभागाला नेमकी लंब असते असे गृहीत धरून खगोलीय निरीक्षणे घेतली जात, पण डोंगरांच्या ओढीमुळे आणि भूकवचातील खडकांच्या कमी-अधिक घनतेमुळे ओळंबा किंचित ढळतो. ही ओढ ठिकठिकाणी किती आहे हे समजण्यासाठी १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेव्ही याने महाचापाच्या स्थानकांवर लंबकाची निरीक्षणे घेतली. त्याच्या स्थानकांच्या यादीत दमरगिदा आहे आणि त्याच्या लगेच उत्तरेला, सुमारे १९ अंश अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ नांदेडच्याच अक्षांशावर, सोमताना नावाचे स्थानक आहे. रॉयल सोसायटीने उसने दिलेले पितळी लंबक हवा काढून घेतलेल्या पात्रात झुलवले जात आणि त्यांची आंदोलने शेजारच्या घड्याळाच्या लंबकाशी ताडून पाहिली जात. दोन लंबक एकाच क्षणी एकाच स्थितीत दिसले की तो क्षण नोंदवायचा आणि अशा दोन क्षणांमधील अवधीवरून आंदोलनकाळ काढायचा, ही संपाताची पद्धत होय. मानवी डोळा आणि हात यांच्या उशिरामुळे येणारी चूक तीत हजारो आंदोलनांवर विभागली जात असल्यामुळे तिची अचूकता आजच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही सहज गाठता येत नाही. बसेव्ही १८७१ मध्ये लडाखमधील उंच पठारावर निरीक्षणे घेत असताना मरण पावला आणि उरलेले काम सर्वेक्षणातील अधिकारी हेविसाइड याने १८७३ पर्यंत पुरे केले. हिमालयाच्या प्रचंड राशीमुळे गुरुत्व जेवढे वाढायला हवे तेवढे ते वाढत नाही, म्हणजे पर्वताखालचे कवच हलके असले पाहिजे, या भूविज्ञानातील मोठ्या निष्कर्षाला या निरीक्षणांनी बळ दिले. नांदेडच्या परिसरातील एका टेकडीवर झुललेल्या लंबकाचा त्यात वाटा आहे, ही गोष्ट या भागातील विद्यार्थ्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळत नाही, आणि हे उणेपण दूर व्हायला हवे.

निजामाच्या काळात येथील उच्च शिक्षणाची वाट हैदराबादकडे जाई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवले जात असल्यामुळे मराठी घरातील मुलाला भौतिकशास्त्रापर्यंत पोहोचण्यासाठी आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. राज्य भारतात विलीन झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय, नांदेडला १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय आणि लातूरला १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. साधारण वीस वर्षांच्या या अवधीत दोन्ही शहरांत महाविद्यालयीन विज्ञानशिक्षण रुजले आणि त्याबरोबर भौतिकशास्त्राची प्रयोगशाळाही आली.

त्या काळच्या प्रयोगशाळेत त्वरण कसे मोजले जाई हे पाहणे उद्बोधक आहे. उपकरणे बहुतेक अंबाल्याच्या कारखान्यांतून येत, कारण शालेय वैज्ञानिक उपकरणांचा देशातील सर्वांत मोठा बाजार तेथेच वाढला होता. साध्या लंबकाचा प्रयोग सर्वांत सोपा : दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर तो होतो, आणि लंबकाची लांबी व आंदोलनकाळ यांवरून गुरुत्वत्वरण काढता येते. पदवीच्या वर्गात भोके पाडलेल्या धातुपट्टीचा दंडलंबक आणि हेन्री केटर याने १८१७ च्या सुमारास रचलेला, उलटसुलट दोन्ही बाजूंनी झुलवता येणारा लंबक यांची भर पडे. प्रत्यक्ष वाढता वेग दाखवण्यासाठी फ्लेचरची ट्रॉली असे. तीत दोऱ्याच्या टोकाला बांधलेल्या वजनामुळे चाकांची गाडी रुळांवर ओढली जाई आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर एका कंप पावणाऱ्या पोलादी पट्टीला बांधलेला शाईचा कुंचला नागमोडी रेघ उमटवी. गाडीचा वेग वाढेल तशा त्या रेघेच्या लाटा लांबत जात, आणि लाटांची लांबी पट्टीने मोजून त्वरण काढले जाई. पुढे विजेच्या प्रवाहावर सेकंदाला पन्नास ठिपके कागदी फितीवर उमटवणारा टिकर टाइमर आला, ज्याचा प्रसार अमेरिकेत १९५६ नंतर तयार झालेल्या नव्या भौतिकशास्त्र अभ्यासक्रमाने केला आणि ज्याची ओळख भारतीय शिक्षकांना १९६३ पासून भरलेल्या उन्हाळी प्रशिक्षण वर्गांतून होऊ लागली.

या साधनांची मर्यादा एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एक मीटर लांबीचा लंबक एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद घेतो, म्हणजे वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच सुरू वा बंद करताना विद्यार्थ्याच्या हाताकडून सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची चूक झाली तर वेळेत अर्धा टक्का आणि उत्तरात एक टक्का फरक पडतो. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आणि साडेअठरा अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर असल्यामुळे तेथील खरे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ आहे आणि नांदेडलाही ते जवळपास तितकेच भरते, परंतु एक टक्का चुकीच्या प्रयोगाला ९.७८ आणि ९.८ यांतील भेद दिसूच शकत नाही. त्यातून एक वाईट सवय सर्वत्र रुजली : पुस्तकातील उत्तर आधीच माहीत असल्यामुळे जर्नलमधील रीडिंग त्या उत्तराला जुळतील अशी मागाहून बसवली जाऊ लागली. मोजणीची शंभर वर्षांची परंपरा असलेला प्रयोग अशा रीतीने शुद्धलेखनाचा सराव होऊन बसला, आणि त्यात विद्यार्थ्याच्या लबाडीपेक्षा परीक्षेच्या रचनेचा दोष अधिक आहे.

परीक्षेची ही रचना समजून घेतल्याशिवाय लातूरचा इतिहास लिहिता येत नाही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश ज्या काळी बारावीच्या गुणांवर होत त्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयात वेळापत्रकाची शिस्त, वारंवार घेतलेल्या सराव चाचण्या, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि शिक्षकांची सतत उपलब्धता यांवर उभी असलेली एक पद्धत आकाराला आली आणि लातूर पॅटर्न या नावाने राज्यभर ओळखली जाऊ लागली. खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात दहावी झालेल्या हजारो मुलामुलींना तिने डॉक्टर आणि अभियंते बनवले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र प्रवेश परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या, त्यांत प्रात्यक्षिकाला गुण उरले नाहीत, आणि बारावीच्या भौतिकशास्त्रात आजही शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाला असले तरी विद्यार्थ्याचे लक्ष आणि वेळ सत्तराच्या बाजूला झुकला. गुरुत्वत्वरणावरील उदाहरण अर्ध्या मिनिटात सोडवणारा विद्यार्थी या पद्धतीने घडवला. त्या राशीचा मोजणीशी संबंध दाखवण्याचे काम तिच्याकडून मागितलेच गेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी घरे या भागात पिढ्यान् पिढ्या बांधली जात होती, कारण ती उन्हाळ्यात थंड राहतात, पण जमीन आडवी हलू लागली की भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचे टनावारी ओझे खाली येते. भूकंपात घर पाडते ते जमिनीचे त्वरण. घराच्या वस्तुमानाला त्या त्वरणाने गुणले असता भिंतीवर येणारा आडवा जोर मिळतो, हा न्यूटनचा दुसरा नियम किल्लारीच्या प्रत्येक भिंतीला लागू होता. त्या वेळच्या भारतीय मानकात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता आणि त्या विभागासाठी आडव्या जोराचा मूळ गुणांक ०.०१, म्हणजे वजनाच्या अवघा एक टक्का, धरलेला होता.

त्या पहाटे जमिनीचे त्वरण प्रत्यक्षात किती होते हे कोणत्याही उपकरणाने केंद्राजवळ नोंदवले नाही. तीव्र हादऱ्यांचे त्वरणलेखक तोवर मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्य भारतात बसवलेले होते, आणि दख्खनच्या पठारावर ते मोठ्या धरणांपुरते होते. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या आत बसवलेल्या त्वरणलेखकाने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, म्हणजे सहा मीटर प्रति सेकंद वर्गाहून अधिक, त्वरणाची नोंद केली होती आणि ती नोंद आजही जगभरातील धरण अभियंते अभ्यासासाठी वापरतात. किल्लारीजवळ असे यंत्र नव्हते, आणि संशोधकांना पडलेल्या भिंती, सरकलेल्या वस्तू आणि दूरच्या केंद्रांवरील आलेख यांवरून अंदाज बांधावे लागले. आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, याच गावाने धक्के अनुभवले होते. त्या वर्षभरात एक जरी त्वरणलेखक तेथे बसला असता तर पुढील सर्व बांधकामाला आधार देणारी संख्या हाती आली असती. मराठवाड्याच्या विज्ञानेतिहासात याहून मोठी न झालेली मोजणी दुसरी नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झाले त्याचा एक भाग म्हणून भारतीय द्वीपकल्पातील दहा भूकंप वेधशाळा आधुनिक करण्यात आल्या, आणि २००२ च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द होऊन किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, भूकंपाला वर्ष पुरे होण्याच्या आधीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाकडून या नव्या विद्यापीठाखाली आली. पुढे २००७ च्या सुमारास खुद्द नांदेड शहराखाली लहान धक्क्यांची आणि गूढ आवाजांची मालिका सुरू राहिली, आणि २०२४ मध्ये २१ मार्च व १० जुलै रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ परिमाणाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले.

किल्लारीच्या सुमारासच, अमेरिकेतील अॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने एडीएक्सएल-५० हा सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला त्वरणसंवेदक मोटारींच्या एअरबॅगसाठी बाजारात आणला होता. केसाच्या जाडीहून बारीक अशा सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर तोललेला एक सूक्ष्म ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार साठवणाऱ्या पट्ट्या एवढी त्याची रचना असते. चिप हलली की ठोकळा मागे राहतो, पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्यामुळे त्यांची विद्युतधारिता बदलते, आणि तो बदल त्वरणाच्या आकड्यात रूपांतरित होतो. मोबाइल आडवा केला की पडद्यावरील चित्रही आडवे होते ते याच संवेदकामुळे, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील प्रत्येक स्मार्टफोनमध्ये येऊन बसला. जर्मनीतील योखेन कून आणि पाट्रिक फोख्ट यांनी २०१२ पासून अमेरिकेतील भौतिकशास्त्र शिक्षकांच्या मासिकात या संवेदकाचे प्रयोग क्रमाने प्रसिद्ध केले, आणि २०१६ मध्ये आखेन येथील तंत्रविद्यापीठाने फायफॉक्स हे मोफत अॅप दिले, ज्यात संवेदकाचे आकडे थेट आलेखाच्या रूपात दिसतात. भारतात नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने संगणकाला जोडण्याचे स्वस्त प्रयोगसंच तयार केले, आणि २०१६ पासून शाळांना मिळू लागलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये सुटे संवेदकही पोहोचले.

हा संवेदक वर्गात आला की पहिल्याच क्षणी तो एक कठीण प्रश्न उभा करतो. टेबलावर स्थिर ठेवलेला मोबाइल शून्य न दाखवता सुमारे ९.८ दाखवतो, आणि उंचावरून गादीवर सोडलेला मोबाइल पडत असताना शून्य दाखवतो. ठोकळ्याला स्प्रिंगने दिलेला आधार एवढेच या यंत्राला कळते, आणि मुक्तपणे पडताना तो आधार उरत नाही. सव्वा मीटरवरून सोडलेल्या मोबाइलच्या आलेखात शून्याजवळचा सपाट भाग सुमारे अर्धा सेकंद टिकतो, आणि उंची व हा काळ यांवरून गुरुत्वत्वरण पुन्हा काढता येते, तेही संवेदकाच्या आकड्यावर विसंबून न राहता.

झोक्याचा प्रयोग त्याहून समृद्ध आहे. झोक्याच्या फळीला घट्ट बांधलेला मोबाइल तीस अंशांपर्यंत झुलवला तर दोरीच्या दिशेतील त्वरण दोन्ही टोकांना सुमारे ८.५ आणि तळाशी सुमारे १२.४ भरते, आणि एका पूर्ण आंदोलनात हे शिखर दोनदा येते. ज्या दिशेने फळी पुढेमागे जाते त्या दिशेतील आकडा मात्र जवळजवळ शून्य राहतो, कारण त्या दिशेने दोरीचा कोणताच आधार नसतो. टोकाशी त्वरण सर्वाधिक असते असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा आलेख विचार करायला लावतो, आणि रीडिंग मागाहून बसवण्याची सोयही तो ठेवत नाही, कारण पुस्तकात त्याचे तयार उत्तर नसते. ब्रेक मारणारी एसटी, बहुमजली इमारतीतील लिफ्ट, पिठाच्या गिरणीचा ओटा, मळणी यंत्राचा पाया ही सर्व याच प्रयोगाची ठिकाणे होऊ शकतात.

संवेदकाच्या मर्यादाही शिकवण्यासारख्या आहेत. मोबाइल अगदी स्थिर असतानाही त्याचे आकडे थोडे थरथरतात, आणि दोन मोबाइल शेजारी ठेवले तर एक ९.७ आणि दुसरा ९.९ दाखवू शकतो. सोमतानाच्या लंबकाने दीडशे वर्षांपूर्वी दिलेली अचूकता या चिपमध्ये नाही. तिचे बळ वेगात आहे, कारण ती सेकंदाला शंभर वा अधिक वेळा मोजते आणि म्हणूनच हादऱ्याचा आकार टिपू शकते. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने २०१६ मध्ये याच गुणावर मायशेक हे भूकंप टिपणारे अॅप उभारले, आणि अँड्रॉइड मोबाइलची भूकंप सूचना यंत्रणा २०२३ मध्ये भारतात सुरू झाली, तीही या संवेदकांवरच चालते. कमी परिमाणाचे आणि दूरचे धक्के मोबाइलच्या थरथरीत बुडून जातात, परंतु किल्लारीसारखा धक्का केंद्राजवळच्या कोणत्याही साध्या स्मार्टफोनने आज नोंदवला असता.

परीक्षा केंद्रात मोबाइलला बंदी असते आणि ती योग्यही आहे, पण त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेत हे साधन येऊ शकत नाही, आणि परीक्षेत न येणारे साधन या भागात वर्गातही फारसे येत नाही. त्यावर उपाय महाविद्यालयांच्याच हाती आहे : संस्थेच्या मालकीचे, सिमकार्ड नसलेले दोन-चार जुने मोबाइल प्रयोगशाळेत ठेवावेत, लंबकाच्या प्रयोगाशेजारी झोक्याचा प्रयोग जर्नलमध्ये घ्यावा, आणि दोन्ही जिल्ह्यांतील भौतिकशास्त्र विभागांनी इमारतीच्या पायाशी एक संवेदक कायम चालू ठेवून त्याच्या नोंदी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे जमा कराव्यात. किल्लारी, औसा, निलंगा आणि उमरगा येथील शाळा-महाविद्यालयांनी या कामाला सर्वांआधी हात घालावा.